शेजार आणि सोयरीक : महाराष्ट्राच्या जनुकीय घडणीची गेली काही शतके

एखाद्या प्रदेशातील लोकांची जनुकीय घडण म्हणजे कोणत्या जनुकाचे कोणते रूप तिथे किती प्रमाणात आढळते, याचा हिशेब. हा हिशेब कधीच थांबत नाही. जनुकांत नवी उत्परिवर्तने होत राहतात. साथीत किंवा उपासमारीत काही रूपे तगतात, काही मागे पडतात. लहान गटांत निव्वळ योगायोगाने एखादे रूप वाढते किंवा नाहीसे होते. आणि बाहेरून आलेली माणसे आपल्याबरोबर आपली रूपे आणतात. पहिल्या दोन कारणांना बहुधा हजारो वर्षे लागतात. गेल्या चारपाच शतकांपुरते पाहायचे तर खरे काम शेवटच्या दोन कारणांनी केलेले दिसते. त्यातही एक भेद सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा लागतो. स्थलांतराने गावातील जनुकांची बेरीज रातोरात बदलते. त्यांची मिसळ मात्र सोयरीक जुळल्याखेरीज होत नाही. महाराष्ट्रात शेजार आणि सोयरीक यांचे रस्ते शतकानुशतके वेगळे राहिले आहेत. इथल्या जनुकीय इतिहासाची किल्ली याच गोष्टीत आहे.

युरोपशी तुलना केली की हे लगेच उमगते. २००८ मध्ये जॉन नोव्हेंब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील १,३८७ व्यक्तींची जनुकीय माहिती गणिती पद्धतीने कागदावर मांडली, तेव्हा ठिपक्यांतून जवळजवळ युरोपचा नकाशाच उमटला. इटलीचे लोक इटलीच्या जागी, स्पेनचे स्पेनच्या जागी. निम्म्या व्यक्तींचे मूळ ठिकाण केवळ जनुकांवरून ३१० किलोमीटरच्या आत सांगता आले. ब्रिटनमधील २०१५ च्या अभ्यासात २,०३९ ग्रामीण व्यक्ती निवडल्या होत्या आणि अट अशी होती, की चारही आजी-आजोबांचे जन्म एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत झालेले असावेत. या आजी-आजोबांचे सरासरी जन्मवर्ष १८८५ होते. म्हणजे चित्र मिळाले ते रेल्वे आणि कारखान्यांनी लोकांना पूर्ण विस्कटण्याआधीच्या ब्रिटनचे. त्यात १७ गट निघाले. कॉर्नवॉल आणि डेव्हन या शेजारच्या दोन परगण्यांमधील सीमासुद्धा जनुकांत जशीच्या तशी दिसली.

युरोपातील माणूस लग्न करायचा तो साधारणपणे पायी गाठता येईल अशा अंतरावरच्या घरात. २०१८ मध्ये १ कोटी ३० लाख व्यक्तींची एक प्रचंड वंशावळ प्रसिद्ध झाली. तिच्यातील बहुतेक व्यक्ती युरोप आणि उत्तर अमेरिकेतील आहेत. १७५० पूर्वी बहुतेक जोडीदारांची जन्मगावे दहा किलोमीटरच्या आत असत, १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांत हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास गेले, असे तीत दिसते. पण या अभ्यासातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष निराळाच आहे. १८०० ते १८५० या काळात जोडीदारांमधील अंतर वाढले, तरी त्यांच्यातील नाते मात्र दूरचे झाले नाही; लोक लांबचा प्रवास करूनही नात्यातच लग्ने करत राहिले. नात्यातली लग्ने कमी झाली ती त्यानंतर, आणि संशोधकांनी त्याचे श्रेय वाहनांपेक्षा बदललेल्या रीतीला दिले. पुढे पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याकडे पाहताना हा निष्कर्ष हाताशी ठेवावा, कारण रस्ते आणि रीत यांच्यातील असेच अंतर इथेही पडले आहे.

भारतात नकाशा आधी जातीचा आणि मग भूगोलाचा. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतील डेव्हिड राइश यांच्या गटाने २५ समूहांचा अभ्यास केला. जवळजवळ सारे भारतीय दोन जुन्या प्रवाहांच्या मिश्रणातून घडले आहेत आणि कोणत्या प्रवाहाचा वाटा किती, एवढाच समूहासमूहांत फरक आहे, असे त्यातून दिसले. २०१३ मध्ये त्याच परंपरेतील एका अभ्यासाने ७३ समूहांची माहिती घेऊन ही मिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाल्याचे दाखवले. त्या काळात मिसळ सर्वदूर चालू होती. ब्राह्मण असोत, शेतकरी असोत की डोंगरातल्या जमाती, मिश्रणाची खूण नाही असा समूह मुख्य भूमीवर जवळपास सापडत नाही. मग कधीतरी दारे बंद झाली. कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेतील पार्थ मजुमदार यांच्या गटाने २०१६ मध्ये ही घटना सुमारे ७० पिढ्यांपूर्वीची, म्हणजे ढोबळमानाने गुप्तकाळातील असल्याचे मांडले. त्यांच्या नमुन्यांत मराठा समूहही होता आणि तिथे बाहेरची मिसळ इतरांपेक्षा बरीच उशिरापर्यंत चालू राहिल्याचे त्यांना दिसले.

असे कालमापन कसे होते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. दोन वेगळ्या समूहांतील आईबापांच्या अपत्यात गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतील एक अखंड आईकडचे आणि एक अखंड बापाकडचे असते. ते अपत्य स्वतः आईबाप होते तेव्हा या जोड्यांची आपसांत अदलाबदल होते आणि तुकडे पडू लागतात. पिढीगणिक तुकडे लहान होत जातात. दहा पिढ्यांपूर्वीच्या मिसळीचे तुकडे सरासरी एक कोटी अक्षरांच्या आसपास भरतात, सत्तर पिढ्यांपूर्वीचे चौदा-पंधरा लाखांच्या. म्हणून तुकड्यांची लांबी मोजली की मिसळीचा काळ काढता येतो. मिसळ बरीच शतके चालू राहिली असेल, तर हिशेबात येणारी तारीख तिच्या शेवटाकडे झुकते, हेही विसरू नये.

हाडांतून थेट मिळणारा पुरावा मात्र आपल्याकडे फार कमी आहे. उष्ण हवामानात डीएनए टिकत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली राखीगढीच्या ६१ अस्थिनमुन्यांवर प्रयत्न झाले. त्यातून एकाच स्त्रीचा उपयोगी जनुकसंच हाती आला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून चौदा-पंधरा वर्षे उत्खनन केले. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली मुले, घोट्याखाली पाय तोडून पुरलेली प्रौढ माणसे, असा ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा मोठा अस्थिसंग्रह तिथे मिळाला. या हाडांवरून त्या लोकांचा आहार, दातांची कीड आणि कुपोषण यांबद्दल पुष्कळ समजले. त्यांचे आजच्या शिरूर, हवेली, मावळच्या शेतकऱ्यांशी नाते काय, हे ठरवायला जनुकीय पुरावा लागेल.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया घालणारे काम जनुकशास्त्राच्या आजच्या साधनांच्या खूप आधी झाले. व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांची सात जनुकीय लक्षणे तपासून १९५० मध्ये निष्कर्ष छापले. एका शहरात, एकाच हवापाण्यात राहणारे समूह रक्तगटांच्या प्रमाणात वेगळे निघू शकतात, हे त्यातून आकड्यांनिशी समोर आले. पुढे संघवींनी शरीरमोजणीची पद्धत आणि जनुकीय पद्धत यांची तुलनाही केली. त्याच सुमारास इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रभर फिरून हजारो माणसांची शारीरिक मोजमापे गोळा केली. त्यांचे पुस्तक डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये काढले. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावण्याचा जो खटाटोप केला होता, त्यापेक्षा हे काम वेगळ्या वृत्तीचे होते. कर्वे यांचा रोख उतरंडीवर नव्हताच. एका नावाखाली येणाऱ्या पोटजाती खरोखर एका मुळातून फुटल्या आहेत का, हा त्यांचा प्रश्न होता.

के. सी. मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात कर्वे यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली. दर्जा एक, धर्मकर्म जवळपास एक, तरी हे गट एकमेकांपासून ठळकपणे वेगळे दिसले. पोटजाती म्हणजे एका मोठ्या जातीचे तुकडे, हा समज त्यांनी त्यामुळे नाकारला. वेगवेगळे गट जवळजवळ राहू लागले, एका कामधंद्यामुळे किंवा दर्जामुळे एका नावाखाली आले, पण सोयरीक आपापल्यातच ठेवत राहिले, असे त्यांचे मत होते. मल्होत्रा यांनी पुढे धनगरांचा अभ्यास केला. हटकर, खुटेकर, झेंडे, गवळी अशा वीसहून अधिक धनगर गटांत लग्ने आपापल्या गटातच होत. बाहेरच्याला एक दिसणारी जात आत अनेक बंद खोल्यांची होती. जनुकशास्त्राने पुढे जे तपशील भरले, त्यांची चौकट या मंडळींनी मोजपट्टी आणि रक्तगटाच्या बळावर आखून ठेवली होती, याची नोंद अलीकडच्या लेखनात पुरेशी घेतली जात नाही.

गेल्या पाच-सहा शतकांत महाराष्ट्रात माणसांची ये-जा कमी नव्हती. बहमनी काळात अरब, इराणी, तुर्की सरदार आणि सैनिक मोठ्या संख्येने दख्खनेत आले. त्यांना आफाकी म्हणत. चाकणच्या भुईकोटात पंधराव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यापैकी अनेकांची दखनी गटाने कत्तल केल्याचे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. निजामशाहीत मलिक अंबरसारखे हबशी सेनानी कर्तेकरविते झाले. कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज होते. तरी या साऱ्यांचा ठसा देशावरच्या शेतकरी समाजाच्या जनुकीय घडणीत मोजण्याइतका मोठा दिसत नाही. दरबार आणि लष्कर यांतली माणसे कुणब्याच्या घरात सोयरीक करत नव्हती. त्यांची मिसळ झाली ती मुख्यतः शहरांतल्या आणि ठाण्यांतल्या आपल्या वर्तुळात.

पेशवाईतले पुणे हे याचे आणखी जवळचे उदाहरण. अठराव्या शतकात पेशव्यांच्या श्रीवर्धनकर भट घराण्यापाठोपाठ कोकणातून चित्पावन म्हणजे कोकणस्थ कुटुंबे पुण्यात आली. कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांत देशस्थ आणि कोकणस्थ वाड्याला वाडा लावून राहिले, एकाच विहिरीवर पाणी भरत राहिले. तरी त्यांच्यात लग्ने सर्रास होऊ लागली ती विसाव्या शतकात. दोनशे वर्षांचा शेजार जनुकीय हिशेबात जवळजवळ शून्य भरला. तंजावरला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेलेली मराठी घराणी, बडोदे-इंदूर-ग्वाल्हेरला गेलेले सरदार, यांनीही मुली मागितल्या त्या शक्यतो आपल्यातच. मुलूख बदलला आणि सोयऱ्यांची यादी तीच राहिली.

या मुलखात बाहेरून येऊन मिसळलेले आणि मग दार लावून घेतलेले समूह म्हणून बेने इस्रायल विशेष अभ्यासण्याजोगे आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे हे मराठीभाषक यहुदी. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्या जनुकसंचात पश्चिम आशियाई यहुदी आणि भारतीय असे दोन्ही भरघोस वाटे निघाले आणि मिसळीचा काळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा आला. आईकडूनच मुलांना मिळणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत भारतीय वाटा मोठा आहे. म्हणजे आरंभीच्या काही पिढ्यांत स्थानिक स्त्रिया समूहात आल्या आणि त्यानंतर सोयरिकीचे दार मिटले. मुंबई-पुण्यात आलेल्या या कुटुंबांपैकी बहुसंख्य १९४८ नंतर इस्रायलला गेली. पारशांची कथा अशीच आहे. इराणी मूळ, स्त्रीवंशात भारतीय वाटा अधिक, नंतर कडक बंदी. तिचा शेवट मात्र अधिक चिंतेचा आहे. १९४१ मध्ये लाखाहून अधिक असलेले भारतातील पारशी २०११ च्या जनगणनेत ५७,२६४ उरले.

दुष्काळ आणि साथींनी या काळात लोकसंख्येची छाटणी केली. १६३० चा दुष्काळ, १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९७ चा पुण्याचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा. १९११ ते १९२१ या दशकात साऱ्या हिंदुस्थानची लोकसंख्या किंचित घटली. मोठ्या जातींना असा तडाखा सोसता आला. शे-दोनशे उंबऱ्यांच्या पोटजातीत मात्र दहाबारा घराणी बुडाली की उरलेल्यांच्या जनुकांचे प्रमाण एका पिढीत बदलून जाते. १९२१ नंतर उलटे झाले. १९६१ मध्ये ३ कोटी ९६ लाख असलेली महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ मध्ये ११ कोटी २४ लाख झाली. इतक्या झपाट्याने वाढलेल्या लोकसंख्येत योगायोगाचा जोर ओसरतो, आणि प्रत्येकी अगदी थोड्या लोकांत असलेल्या नव्या, दुर्मीळ उत्परिवर्तनांची संख्या भराभर वाढते.

सोयरिकीचे नियम इथे दोन बाजूंनी काम करतात. बाहेरची सीमा जातीची किंवा पोटजातीची. तिच्यापलीकडे लग्न नाही. आतली सीमा नात्याची. ब्राह्मणांत गोत्र, मराठा-कुणबी समाजात देवक पाहतात आणि देवक एक निघाले तर स्थळ सोडून देतात. मात्र मामाची मुलगी करण्याची रीत पुष्कळ समाजांत आहे, आत्याची मुलगी करण्याची फारशी नाही. कर्वे यांनी महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा म्हटले ते यामुळेच. उत्तरेत अशी लग्ने निषिद्ध, दक्षिणेत ती सर्रास. जनुकीय दृष्टीने मामेबहिणीशी लग्न झाले की मुलाच्या जनुकसंचाचा सरासरी सोळावा हिस्सा दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखा येतो. एखाद्या आजाराचे जनुक नवरा-बायकोच्या सामायिक आजोबांकडून दोन वाटांनी येऊन मुलात भेटण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

कायद्याने बाहेरची सीमा पुसण्याचा आरंभ महाराष्ट्रात लवकर झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली आणि मराठा-धनगर विवाहांना उघड पाठिंबा दिला. देशपातळीवर अशा हिंदू विवाहांतील अडसर १९४९ च्या कायद्याने आणि मग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दूर झाले. इतके होऊनही २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय लग्नांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासच भरले. कायदा वाट मोकळी करतो. त्या वाटेने चालणारे अजून थोडेच आहेत.

पिंपरी-चिंचवडचा पट्टा हा अशा समाजात मोठ्या वेगाने झालेल्या स्थलांतराचा नमुना आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी पिंपरीत छावणी वसली. तिला आजही पिंपरी कॅम्पच म्हणतात. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, टेल्को आणि बजाज आल्या. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९७१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. एवढी वाढ जन्मांनी होत नाही. ती एसटीच्या स्टँडावर आणि रेल्वेच्या फलाटावर उतरते. १९७२ च्या दुष्काळाने नगर, बीड, सोलापूर, उस्मानाबादचे शेतकरी इकडे लोटले. त्यांच्या मागून लातूर, नांदेड, खान्देश, विदर्भ, उत्तर कर्नाटक, आणि मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा. चाकणचे कारखाने उभे राहिले तसा हा ओघ आणखी उत्तरेला, खेड तालुक्यात सरकला.

काळेवाडी या साऱ्याच्या मधोमध आहे. पवना नदीच्या एका तीरावर पिंपरी कॅम्प, पूल ओलांडला की काळेवाडी. जुनी वस्ती मोजक्या आडनावांची होती आणि ती आडनावे तापकीरनगर, नढेनगर, कोकणेनगर अशी वस्त्यांच्या नावांत शिल्लक आहेत. या घरांच्या सोयरिकी मुळशी, मावळ, हवेली, खेड या चार तालुक्यांत होत आल्या. मुली तिकडे जात, सुना तिकडून येत. मराठी समाजात पुरुष वडिलांच्या गावी राहतो आणि स्त्री सासरी जाते. अशा समाजात बापाकडून मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र गावात साचून राहते आणि मायटोकॉन्ड्रियाचे वंश पंचक्रोशीत पसरतात. नढे किंवा तापकीर आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रे थोड्या मूळपुरुषांकडे नेणारी निघतील. त्यांच्या आयांचे वंश चार तालुक्यांतले असतील. जुन्या गावठाणाची जनुकीय घडण अशी असते.

शेती बिगरशेती झाली, एकेक-दोनदोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले आणि त्यांवर तीनचार मजली घरे उठली. आज इथल्या एका गल्लीत तळमजल्यावर मूळ मालक, वर लातूरचे फिटर, शेजारी खान्देशातले रिक्षाचालक, मागच्या खोल्यांत बिहारचे वेल्डर, कोपऱ्यावर कर्नाटकातील किराणा दुकानदार असा मेळ नेहमीचा आहे. या गल्लीतल्या सगळ्यांचे रक्त घेऊन जनुकांची प्रमाणे काढली, तर ती पन्नास वर्षांपूर्वीच्या काळेवाडीपेक्षा ठळकपणे वेगळी निघतील. युरोपात इतका बदल व्हायला कित्येक शतके लागली असती. पण याच गल्लीतले लग्नाचे बायोडेटा हाती घेतले तर चित्र पालटते. वर गणपती, खाली जन्मवेळ, रास, उंची, कंपनीचे नाव, पगार. मग जात आणि पोटजात, देवक किंवा गोत्र, मामाचे आडनाव आणि गाव, आणि ठळक अक्षरांत मूळ गाव. लातूरकराची मुलगी चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते आणि स्थळ अहमदपूर किंवा उदगीरकडचे येते. ते स्थळही बहुधा भोसरीत किंवा थेरगावात राहत असते. मे महिन्यात वऱ्हाड गावी जाते, किंवा गावच इथल्या मंगल कार्यालयात येते.

म्हणजे जोडीदारांच्या जन्मस्थळांमधील अंतर आता शंभर-दोनशे किलोमीटरही भरेल आणि घरांमधील अंतर चालत दहा मिनिटांचे. नात्याचे वर्तुळ मात्र तेच. १८५० पर्यंतच्या युरोपात नेमके हेच दिसते. फरक एवढाच, की तिथे नात्याचे वर्तुळ गावाने आखलेले होते आणि गाव सुटले की पुढच्या दोनतीन पिढ्यांत ते विरले. इथे ते जातीने आखलेले आहे आणि जात माणसाबरोबर एसटीत बसून येते. शहरातली वधू-वर सूचक मंडळे, समाजाचे मेळावे आणि आता मोबाइलवरील विवाहस्थळे हे वर्तुळ मोडत नाहीत, ते अधिक लांबवर पसरवतात. जातीच्या आत त्यामुळे थोडी मोकळीक आली आहे. मराठवाड्यातील आणि पुण्याकडील एकाच जातीचे, पण पूर्वी एकमेकांना मुली न देणारे गट आता सोयरे होतात. पोटजातींमधील भिंती जातींमधल्या भिंतींपेक्षा आधी खचल्या. मामाच्या मुलीशी लग्ने शिकलेल्या घरांत कमी होत चालली आहेत. हे बदल लहान दिसतात, पण लहान गटांना त्यांचाच सर्वांत मोठा फायदा होतो.

लहान गटांचा प्रश्न आरोग्याचा आहे. २०१७ मध्ये थंगराज, राइश आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातील २६३ समूहांची पाहणी केली. त्यांपैकी ८१ समूह मूळच्या इतक्या थोड्या माणसांपासून वाढलेले दिसले, की फिनलंडच्या लोकांत किंवा अश्केनाझी यहुद्यांत दिसणारा असा परिणाम त्यांच्यापुढे कमी ठरला. मूळच्या एखाद्या माणसात असलेले दुर्मीळ सदोष जनुक अशा गटात शेकडोंत पसरते. जातीचे एकूण संख्याबळ लाखांत असले तरी हा धोका टळत नाही. सुरुवात किती जणांपासून झाली आणि दार किती काळ बंद राहिले, यावर तो ठरतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी निगडित असलेले वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये बॉम्बे रक्तगटाची पहिली नोंद केली. हा रक्तगट दिसायला दोन्ही पालकांकडून एकच दुर्मीळ रूप यावे लागते. तो युरोपात जवळजवळ दिसत नाही आणि आपल्याकडे त्या मानाने अधिक दिसतो, याचे मोठे कारण बंद सोयरीक हेच आहे.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील प्रसूतिपूर्व तपासणीत याच इतिहासाची पाने उलगडतात. थॅलसेमियाचे वाहक सिंधी समाजात देशाच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहेत. त्यांच्यातील एक नेहमीचे उत्परिवर्तन म्हणजे बीटा ग्लोबिन जनुकातून ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे. हे उत्परिवर्तन फाळणीच्या निर्वासितांबरोबर सिंधमधून पिंपरी, उल्हासनगरपर्यंत आले. विदर्भातील आणि सातपुड्यातील लोकांबरोबर सिकलसेलचे जनुक येते. भिल्ल, पावरा, माडिया अशा जमातींत आणि विदर्भातील दलित समाजात ते आढळते. हिवतापाच्या मुलखात एका प्रतीने संरक्षण दिल्यामुळे ते तिथे टिकले. दोन्ही प्रती सदोष असल्या की आजार होतो. वाहक माणूस निरोगी असतो, त्याला बहुधा काही ठाऊकही नसते. रक्ततपासणीत त्याचा हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर दिसला, की थॅलसेमियाचा वाहक असल्याची दाट शक्यता असते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. एका जातीत, एका गावाकडच्या सोयऱ्यांत लग्न झाले की दोघेही एकाच आजाराचे वाहक असण्याचा योग वाढतो. सिंधी मुलगा आणि लातूरची मराठी मुलगी यांच्या लग्नात तो घटतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिचा रोख आदिवासी भागावर आहे. औद्योगिक पट्ट्यात आलेल्या त्याच भागातील कुटुंबांपर्यंतही ती तपासणी पोचायला हवी, कारण जनुक तालुक्याची हद्द पाहत नाही.

या माहितीचा गैरवापर टाळायचा तर तिच्या मर्यादा स्पष्ट असल्या पाहिजेत. कोणत्याही दोन जातींमधील सरासरी फरक हा एका जातीतल्या दोन माणसांमधील फरकापेक्षा खूप लहान असतो. जनुक पाहून माणसाची जात सांगणे म्हणजे प्रमाणांचा अंदाज आहे, ओळखपत्र नव्हे. कुठल्याही जातीला शुद्ध वंशाचा दावा करता येत नाही, कारण बंद होण्याआधी सगळ्यांचीच मिसळ झाली होती. बुद्धी, शौर्य, व्यापारकौशल्य यांची नाळ जातीच्या जनुकांशी जोडणारे लेखन या शास्त्रातून निघत नाही. ते जुन्या अहंकाराला नव्या शब्दांत मांडते. जनुकशास्त्राने जातीबद्दल सांगितलेली सर्वांत भरीव गोष्ट अशी, की हा बंदोबस्त फार जुना असला तरी अनादी नाही.

जैवतंत्रज्ञान विभागाच्या जीनोम इंडिया प्रकल्पात ८० हून अधिक समूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचले गेले आहेत. ब्रिटनप्रमाणे इथेही नमुने निवडताना मूळ समूह आणि मूळ प्रदेश यांना महत्त्व दिले जाते, आणि जुन्या घडणीचा शोध घ्यायला ते योग्यच आहे. पण अशा निवडीतून काळेवाडीसारखी वस्ती निसटते. तिचा अभ्यास करायचा तर एका वस्तीतील सर्व कुटुंबांची नोंद हवी. चारही आजी-आजोबांची गावे, मातृभाषा, पालकांचे लग्न नात्यात झाले का, जातीत झाले का, पट्ट्यात येऊन किती वर्षे झाली; आणि हे सारे नाव-पत्ता गुप्त ठेवून, प्रत्येकाची समजून-उमजून संमती घेऊन. महापालिकेच्या शाळांत आज अशी मुले आहेत, ज्यांची आई सोलापूरची आणि वडील आझमगडचे, किंवा आई कॅम्पातली सिंधी आणि वडील गावठाणातले मराठा. त्यांच्या प्रत्येक जोडीतील दोन गुणसूत्रे अजून अखंड आहेत. तुकडे पडायला सुरुवात होईल ती त्यांच्या मुलांपासून. अशी मुले किती आहेत आणि ती पुढे कोणाशी लग्ने करतात, यावर या पट्ट्यात जातीची रचना किती पिढ्या ओळखू येईल, ते ठरेल.